वाचकांचे प्रश्न : सोपं की सवयीचं?

या वेळच्या टपालात सॉफ्टवेअरबद्दलची पत्रं बरीच होती. विषय वेगवेगळे असले तरी घोळ बहुतेक ठिकाणी एकच दिसला: हाताला सवयीचं झालेलं आणि मुळात चांगलं बनवलेलं, या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या कार्यालयात चाळीसेक जण आहेत. दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांना मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरून लिब्रेऑफिसवर आणलं. तेव्हापासून रोज ऐकतोय, "जुनं किती सोपं होतं, हे अगदीच टाकाऊ आहे." बदलाची जबाबदारी माझ्यावर आहे. सॉफ्टवेअर खरंच वाईट आहे की नुसता सवयीचा प्रश्न आहे, हे ठरवायचं कसं?

उत्तर : आधी तक्रारी लिहून काढा. आठवडाभर जिथे कुणी अडेल तिथे एक ओळ लिहायची: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं. "हे बेकार आहे" अशी नोंद उपयोगाची नाही. "एकच पान आडवं करायचं होतं, सगळा अहवाल आडवा झाला" ही नोंद उपयोगाची. मग प्रत्येक नोंदीपुढे लिहा की एकदा दाखवल्यावर तोच माणूस त्याच जागी पुन्हा अडला का. एकदा दाखवून सुटलं तर ती सवयीची अडचण, ती आपोआप विरते. चारदा दाखवूनही तोच माणूस अडतोय, किंवा तिथे नवखेही अडतात आणि जुनेजाणतेही अडतात, तर खोट रचनेत आहे. तिथे लोकांना दोष देऊन काही साधणार नाही.

पान आडवं करण्याचंच उदाहरण घेऊ, कारण ते फार शिकवणारं आहे. वर्डमध्ये "लेआउट" टॅबवर जाऊन "ब्रेक्स"मधून "नेक्स्ट पेज" निवडायचं, म्हणजे नवा विभाग सुरू होतो, आणि मग त्या विभागापुरतं "ओरिएंटेशन" बदलायचं. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये (वर्डच्या जोडीदारात) विभागाऐवजी पानाची शैली असते. "इन्सर्ट", "मोअर ब्रेक्स", "मॅन्युअल ब्रेक" असं जायचं, "पेज ब्रेक" निवडून शैलीच्या यादीतून "लँडस्केप" घ्यायचं. आडवं पान संपलं की पुन्हा तसाच ब्रेक द्यायचा आणि या वेळी "डिफॉल्ट पेज स्टाइल" निवडायची. पायऱ्या जवळपास सारख्याच. आणि चूकही सारखीच: ब्रेक न देता थेट पानाची दिशा बदलली तर दोन्हीकडे सगळीच पानं आडवी होतात. फरक एवढाच की वर्डमधली ही ठेच लोकांना कित्येक वर्षांपूर्वी लागली आणि ते ती विसरूनही गेले. जुन्या सॉफ्टवेअरच्या खोडी आपण अशाच पचवलेल्या असतात, आणि पचल्यावर त्या खोडी वाटेनाशा होतात.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. काही चुका तक्रारवहीत येतच नाहीत, कारण करणाऱ्याला चूक झाल्याचं कळत नाही. एक्सेलमध्ये एका घरात १८ लिहून घराचा कोपरा खाली ओढला की खालच्या सगळ्या घरांत १८ येतो. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये तीच कृती केली की १९, २०, २१ अशी चढती मालिका येते. कंट्रोल दाबून ओढलं की दोन्हीकडे वागणं उलटं होतं. दोघांपैकी कुणीही चुकीचं नाही, पण वर्षानुवर्षं एक्सेल वापरलेला हात कराचा एकच दर रकानाभर ओढणार आणि खाली बघणारही नाही. बेरीज येते, फक्त चुकीची येते. अशा मुक्या चुकांची यादी काढून ती पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवून द्यायला हवी होती. दोन महिने झाले असले तरी आज दाखवा, आणि या काळात बनलेल्या तक्त्यांत असे ओढलेले रकाने पुन्हा तपासून घ्या.

सवयीचा त्रास कमी करायला काही सेटिंग लगेच बदलता येतात. "व्ह्यू" मेन्यूतल्या "यूजर इंटरफेस"मध्ये "टॅब्ड" निवडलं की वरची पट्टी ऑफिससारख्या टॅबची होते. "टूल्स", "ऑप्शन्स", "लोड/सेव्ह", "जनरल" इथे फाइल नेहमी कोणत्या प्रकारात जपायची ते ठरवता येतं; बाहेरच्या लोकांशी वर्डच्या फायलींची देवाणघेवाण असेल तर तिथे तो प्रकार निवडा. "टूल्स", "कस्टमाइझ", "कीबोर्ड" इथून शॉर्टकट बदलता येतात. कॅलिब्री आणि केंब्रिया हे फाँट नसतील तर कार्लिटो आणि कॅलाडिया असल्याची खात्री करा. त्यांच्या अक्षरांची रुंदी मूळ फाँटशी जुळवलेली आहे, त्यामुळे ओळी आणि पानं सरकत नाहीत. "फाइल उघडली की मांडणी बिघडते" या तक्रारींचा मोठा भाग यातच मिटतो.

या सगळ्यानंतर मोजणी करा. तुमच्या कार्यालयात रोज होणारी दहा कामं निवडा. पाच जणांकडून ती करून घ्या, प्रत्येक कामाला लागलेला वेळ आणि चुका लिहा. महिन्याने तीच कामं, तेच लोक. वेळ खाली येत असेल तर रेषा सवयीकडे चालली आहे, थोडा धीर धरा. जी कामं महिन्याने जागच्या जागीच आहेत, तेवढ्यांपुरता वेगळा विचार करा. आणि ज्यांच्या तक्त्यांत मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, आहेत त्यांना घाईने हलवूच नका. एक्सेलचे मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये काही चालतात, काही चालत नाहीत, आणि कोणते चालत नाहीत ते प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या सभासदांच्या नोंदी ठेवायला ॲप हवं होतं. तीन पाहिली. एक इतकं देखणं आणि सुटसुटीत होतं की सगळ्यांचं एकमत झालं. आता तीन महिन्यांनी सगळे वैतागलेत. निवडताना आमचं काय चुकलं?

उत्तर : तुमची फसगत फार जुनी आणि नीट अभ्यासलेली आहे. १९९५ मध्ये जपानमध्ये मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या केल्या आणि २५२ लोकांना विचारलं की कोणती सुंदर वाटते आणि कोणती वापरायला सोपी वाटते. बटणांचा क्रम आणि जागा प्रत्यक्षात किती सोयीच्या आहेत यापेक्षा मांडणी किती सुंदर दिसते यावरच लोकांचं "सोपी वाटते" हे मत जास्त अवलंबून निघालं. इस्रायलमध्ये नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना वाटलं की तिथे असं होणार नाही. १९९७ मध्ये त्यांनी प्रयोग पुन्हा केला, तर तिथेही दिसणं आणि सोपं वाटणं यांचा संबंध घट्टच निघाला.

याचा अर्थ देखणेपणाला किंमत नाही असा नाही. सारखे रकाने एका रेषेत असणं, संबंधित गोष्टी जवळ आणि बाकीच्यांपासून मोकळ्या जागेने वेगळ्या असणं, यामुळे डोळ्यांची शोधाशोध खरोखर कमी होते. पण तो देखणेपणा कामाचा आहे की वरवरचा, हे दाखवण्यासाठी भरलेल्या बारा-पंधरा नमुना नोंदींवर कधीच कळत नाही. बारा नोंदींवर कोणतंही ॲप सुटसुटीतच दिसतं.

पुढच्या वेळी, किंवा हे बदलायचं ठरवलंत तर, आधी आपल्या खऱ्या नोंदी आत घाला, निदान दोन हजार. त्यात मुद्दाम अवघड नोंदी हव्यात: खूप लांब नावं, एकाच नावाचे तीन सभासद, पत्ता नसलेले, मध्येच सोडून पुन्हा आलेले. मग जो रोज नोंदी करणार आहे त्याला बसवून ही कामं करायला सांगा: एकसारख्या नावांतून नेमका माणूस शोधणं, चुकून केलेली नोंद मागे घेणं, चुकून काढून टाकलेला सभासद परत आणणं, शंभर जणांची एकच माहिती एकदम बदलणं, आणि सगळी माहिती तक्त्याच्या फाइलमध्ये बाहेर काढणं. शेवटचं काम जमत नसेल तर बाकी काहीही असो, ते ॲप घेऊ नका. उद्या दुसरीकडे जायचं झालं तर तुमच्याच नोंदी तुमच्या हातात नसतील.

वेगही खऱ्या नोंदींवरच बघा. बटण दाबल्यावर ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर माणसाला तो तत्काळ वाटतो. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, उशीर मात्र जाणवतो. १० सेकंदांच्या पुढे लक्ष दुसरीकडे जातंच. सॉफ्टवेअरच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी या मर्यादा मांडून तीस वर्षं उलटली, पण त्या माणसाच्या लक्षाच्या मर्यादा असल्यामुळे यंत्रं वेगवान झाली तरी त्या हलत नाहीत. आणि देखण्या ॲपमध्ये हमखास सापडणारा दोष म्हणजे पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं असा वेब सुलभतेचा निकष आहे. ते मोजायची मोफत साधनं आहेत. साधन नसेल तर उन्हात, खिडकीशेजारी बसून वाचून बघा.

प्रश्न : गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर साधी जेपीजी फाइल "सेव्ह"सुद्धा करू देत नाही. इतकी उघड चूक अजून कशी सुधारत नाहीत?

उत्तर : ही चूक नाही, ठरवून केलेली रचना आहे, आणि आमच्या मते योग्य आहे. २०१२ च्या २.८ या आवृत्तीपासून "सेव्ह" म्हणजे गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात जपणं आणि "एक्स्पोर्ट" म्हणजे जेपीजी, पीएनजी वगैरे बाहेर काढणं अशी विभागणी आहे. जेपीजीत थर (एकमेकांवर ठेवलेले चित्राचे वेगवेगळे भाग) राहत नाहीत, पारदर्शकता राहत नाही, आणि पुन्हा जपताना दर्जा थोडा घसरतो. पूर्वी लोक "सेव्ह" करून निर्धास्तपणे खिडकी बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी अक्षरांचा थर चित्रात मुरलेला दिसायचा. कंट्रोल-शिफ्ट-ई हा एक्स्पोर्टचा शॉर्टकट हाताला लावून घ्या. जेपीजी उघडून, थोडी दुरुस्ती करून तिथेच परत ठेवायची असेल तर "फाइल" मेन्यूत "ओव्हरराइट" आहे. मात्र ज्यांना दिवसभर फक्त छायाचित्रं कापून जेपीजी करायची आहेत, त्यांच्यासाठी ही रचना नाहक एक पायरी वाढवते हेही खरं. तसं काम असेल तर एखादं हलकं साधन घ्या, गिंपशी भांडत बसू नका.

प्रश्न : चांगलं चालत असलेलं सॉफ्टवेअर कंपन्या मुळात बदलतातच का? दर नव्या आवृत्तीत सगळं पुन्हा शोधावं लागतं. हा वापरणाऱ्यांवर अन्याय नाही का?

उत्तर : कधी आहे, कधी नाही. दोन्हींची मोठी उदाहरणं मायक्रोसॉफ्टकडेच आहेत.

वर्ड २००३ पर्यंत मेन्यू आणि टूलबारची एवढी गर्दी झाली होती की नवी सोय ठेवायला जागा उरली नव्हती. लोक ज्या सोयी मागत होते त्यातल्या अनेक आधीपासून आत होत्या, सापडत नव्हत्या एवढंच. त्याआधी ऑफिस २००० मध्ये एक उपाय झाला होता: कमी वापरातल्या आज्ञा मेन्यूतून लपवायच्या आणि वापर बघून मेन्यू बदलत राहायचा. दिसायला हुशार, पण माणूस मेन्यू वाचत नसतो, त्याचा हात जागा लक्षात ठेवून तिकडे जातो. जागाच हलू लागल्यावर आठवण निकामी झाली आणि दर वेळी यादी वाचणं आलं. २००७ मध्ये रिबन, म्हणजे मेन्यूऐवजी टॅबमध्ये विभागलेली वरची रुंद पट्टी, आला तेव्हा जुन्या लोकांना पहिले काही आठवडे फार जड गेले, ती तक्रार खरीच होती. पण रिबनवर आज्ञा ठरलेल्या जागी राहतात आणि कामानुसार गटात असतात. बदलाचं मूल्य मोजून घेतलेलं होतं आणि बदल्यात काहीतरी मिळत होतं.

विंडोज ८ ची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये पडद्याच्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटणच काढून टाकलं आणि स्पर्शाच्या पडद्यासाठी बनवलेली पूर्ण पडदाभर पसरणारी मांडणी माउसवाल्यांवर लादली. स्टार्टकडे जायचं तर माउस त्या कोपऱ्यात न्यायचा, पण तिथे दिसत काहीच नव्हतं. म्हणजे सवयही मोडली आणि नव्याने शिकायला खूणही ठेवली नाही. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं, आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर स्टार्ट मेन्यूही परतला. हा अन्याय होता, आणि तो मागे घ्यावा लागला.

बदल कसा करावा याचं चांगलं उदाहरण ब्लेंडर या त्रिमितीय चित्रणाच्या सॉफ्टवेअरचं. त्यात वस्तू निवडायला वर्षानुवर्षं माउसचं उजवं बटण दाबावं लागे. जुन्यांना ते अंगवळणी पडलेलं, नवे मात्र पहिल्याच मिनिटाला गोंधळत, कारण जगातल्या बाकी सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये निवड डाव्या बटणाने होते. २०१९ च्या २.८० या आवृत्तीत डावं बटण मूळ ठरलं, पण पहिल्यांदा उघडताना कोणतं बटण हवं ते विचारलं जाई, आणि जुन्या शॉर्टकटचा पूर्ण संचही निवडता येत असे. नव्याचा रस्ता मोकळा झाला, जुन्याचा हात मोडला नाही.

तुमच्या हातात आहे ते एवढं: मोठी आवृत्ती आली की त्याच दिवशी घेऊ नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र कधीही थांबवू नका, त्या बहुधा वेगळ्या मिळतात. घेतल्यावर पहिली पंधरा मिनिटं सेटिंगमध्ये घालवा. विंडोज ११ मध्ये तळाच्या पट्टीवर मधोमध गेलेल्या खुणा "पर्सनलायझेशन", "टास्कबार", "टास्कबार बिहेवियर्स" इथून पुन्हा डावीकडे आणता येतात. हे माहीत नसल्यामुळे रोज चरफडणारे कितीतरी आहेत. आणि शक्य तिथे जागेऐवजी कीबोर्डवर विसंबा. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड यांनी सगळ्या मांडण्या पचवल्या आहेत.

प्रश्न : मी एका दवाखान्यासाठी रुग्णनोंदणीचं सॉफ्टवेअर लिहिलं आहे. मला ते अगदी सोपं वाटतं, पण काउंटरवरचे कर्मचारी सारखे चुकतात. वेगळं काही करावं की त्यांना प्रशिक्षण द्यावं?

उत्तर : तुमचं "सोपं वाटणं" हा पुरावा धरू नका. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की अर्थ न कळणारी चिन्हंसुद्धा वारंवार पाहिली की लोकांना आवडू लागतात. तुम्ही तो पडदा हजारो वेळा पाहिला आहे. तो तुम्हाला खटकणारच नाही.

चाचणी अशी घ्या. काउंटरवर काम करणारे पाच जण, एका वेळी एक, प्रत्येकी साधारण अर्धा तास. कामं कागदावर लिहून द्या, पण त्यात बटणावरचे शब्द वापरू नका. "फॉलो-अप नोंदवा" असं लिहिलंत तर तो ते शब्द पडद्यावर शोधेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. "हे रुग्ण मागच्या आठवड्यात येऊन गेले होते, आज पुन्हा आले आहेत" असं लिहा. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. तुम्ही मागे बसा आणि गप्प राहा. तो चुकीच्या जागी गेला तरी बोट दाखवायचं नाही. त्या क्षणी जीभ आवरणं हाच या चाचणीतला सगळ्यात कठीण भाग आहे. "आता काय करू?" असं विचारलं तर "मी इथे नसतो तर काय केलं असतं?" एवढंच विचारा.

पाचच का, तर निल्सन यांच्या हिशेबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, म्हणून पाच जणांत सुमारे ८५ टक्के दिसतात. हा आकडा आंधळेपणाने धरू नका. एखादी अडचण दहातल्या एकालाच येत असेल तर पाच जणांत ती दिसण्याची शक्यता ४१ टक्केच राहते. म्हणून पाच जणांवर पाहायचं, दुरुस्त करायचं, आणि नव्या पाच जणांवर पुन्हा पाहायचं. एकदम पंधरा जण बसवण्यापेक्षा तीन फेऱ्या जास्त देतात.

काउंटरच्या कामात आणखी एक गोष्ट बसल्या जागी मोजता येते. कार्ड, मोरन आणि न्यूएल या संशोधकांनी १९८३ च्या सुमारास मांडलेले सरासरी वेळ असे: सराईत हाताने एक कळ दाबायला ०.२ सेकंद, माउसने जागेवर जायला १.१, क्लिकला ०.२, कीबोर्डवरून माउसवर हात न्यायला ०.४ आणि परत आणायला ०.४. म्हणजे एका रकान्यातून दुसऱ्यात माउसने जायला २.१ सेकंद, टॅब कळीने ०.२. अर्जात दहा रकाने असतील तर नऊ उड्या, एका रुग्णामागे १७ सेकंदांचा फरक. दिवसाला २०० रुग्ण असतील तर जवळपास तास. तेव्हा टॅब कळ रकान्यांतून त्याच क्रमाने जाते ना, ज्या क्रमाने रुग्ण माहिती सांगतो, हे सगळ्यात आधी बघा. पत्ता मध्येच लोंबकळत असेल आणि वयाचा रकाना तळाशी असेल तर चुका होणारच.

दुसरी नेहमीची खोट: खिडकीतल्या बटणांचा क्रम. विंडोजमध्ये "ओके" डावीकडे आणि "कॅन्सल" उजवीकडे असतं, मॅकवर मुख्य बटण उजव्या टोकाला असतं. तुमच्या काउंटरवर जी प्रणाली आहे तिचाच क्रम पाळा, स्वतःची कल्पकता इथे नको. लोक बाकी सगळा दिवस इतर सॉफ्टवेअरमध्ये घालवतात, त्यांचा हात तिथे घडलेला असतो. आणि बटणावर "ओके"ऐवजी काय होणार तेच लिहा: "नोंद काढून टाका", "राहू द्या". मग क्रम चुकला तरी वाचणारा वाचतो. त्यापुढेही काढलेली नोंद काही काळ परत आणता यावी. "नक्की का?" असं दर वेळी विचारणारी खिडकी लोक आठवडाभरात न वाचता बंद करायला शिकतात.

सुधारणा झाली की नाही हे आकड्यात हवं असेल तर जॉन ब्रूक यांची १९८६ ची दहा विधानांची प्रश्नावली वापरा, एसयूएस म्हणतात तिला. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५ मधून वजा करायचं, सगळ्यांची बेरीज करून २.५ ने गुणायची. समजा विषमांची बेरीज १४ आली आणि समांची १५, तर २९ गुणिले २.५ म्हणजे ७२.५. सर्वसाधारण सरासरी ६८ च्या आसपास असते. हे टक्के नाहीत, ७२.५ म्हणजे "७२ टक्के लोक खूश" असा अर्थ काढू नका. शिवाय हे गुण मतांचे आहेत, आणि मतात सवय मिसळलेलीच असते. म्हणून त्यांच्याशेजारी चुकांची संख्या आणि लागलेला वेळ ठेवल्याशिवाय त्यांच्यावरून काही ठरवू नका.

प्रशिक्षण द्याच, पण चाचणीनंतर. आधी दिलंत तर लोक खोटींना वळसा घालायला शिकतील आणि तुम्हाला त्या दिसणारच नाहीत.

प्रश्न : आईचं वय ७४. तिचा फोन जुना झाला म्हणून दुसऱ्या कंपनीचा, जास्त चांगला घेऊन दिला. तिला तो अजिबात जमत नाही, जुनाच दे म्हणते. काय करावं?

उत्तर : आधी मागे जायचं बटण तपासा. सॅमसंगच्या फोनवर ते मुळात उजवीकडे असतं, गूगलच्या पिक्सेलवर डावीकडे. कंपनी बदलली की ते नकळत बाजू बदलतं. आणि नव्या फोनवर बटणंच नसतील, नुसतं बोट सरकवावं लागत असेल, तर आईंसाठी ते दिसतच नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "सिस्टिम"च्या आत "नेव्हिगेशन मोड" इथे तीन बटणांचा पर्याय आहे. सॅमसंगवर "डिस्प्ले"मध्ये "नेव्हिगेशन बार" असतो आणि तिथे बटणांचा क्रमही उलटवता येतो. जुन्या फोनवर होता तसाच ठेवा.

मग दोन्ही फोन शेजारी ठेवून पहिला पडदा जुळवा: तीच ॲप, त्याच ओळीत, त्याच जागी. नवी ॲप पडद्यावर आपोआप येण्याची सोय बंद करा, आणि मांडणी कुलूपबंद करण्याची सोय असेल तर ती चालू करा, म्हणजे बोट जास्त वेळ टेकल्यावर खुणा हलणार नाहीत. अक्षरं मोठी करताना "फाँट साइझ" एक-दोन पायऱ्याच वाढवा. फार वाढवलीत तर काही ॲपमध्ये खालची बटणं पडद्याबाहेर जातात. वाढवल्यावर आई वापरतात ती प्रत्येक ॲप एकदा उघडून हे बघून घ्या, आणि नेहमीचे चार नंबर जुन्या फोनवर जिथे होते तिथेच ठेवा.